डिंक्याच्या मागावर : प्रकल्प नोंदी

२६ जून

विषय फायनल झाला एकदाचा. फॉर्मवर "मोसंबीच्या मुळालगतच्या मातीतून फायटोफ्थोरा वेगळा करणे व त्याची ओळख पटवणे" असं लांबलचक नाव आहे, वहीत मी डिंक्या प्रोजेक्टच लिहिणार. डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळून झाड वाळवणारा रोग, आणि फायटोफ्थोरा म्हणजे ज्याच्यावर त्याचा संशय आहे तो, बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव. बाग मामांची, घनसावंगी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला. काळी भारी जमीन, खाली चुनखडी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जुनी बाग टँकरने पाणी घालून घालून शेवटी जळालीच, त्यानंतर लावलेली ही झाडं. खुंट, म्हणजे ज्यावर मोसंबीचा डोळा बांधून कलम करतात ते खालचं झाड, जंबेरीचा.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण कुठल्याही बागेत बांधाच्या कडेने चक्कर मारा, खोडावर डिंक गळणारं एक तरी झाड दिसतंच आणि मालक म्हणतो बुरशी आहे, औषध टाकलंय. कुठली बुरशी ते कोणाला विचारलं तर गप्प. भारतात लिंबूवर्गीय पिकांवर मुख्य संशयित तीन : फायटोफ्थोरा निकोशियानी, फायटोफ्थोरा पामिव्होरा, फायटोफ्थोरा सिट्रोफ्थोरा. आपल्या बागेत यातला कोण, की वेगळाच कोणी, एवढंच शोधायचंय. मॅडम म्हणाल्या एवढंच नीट केलंस तरी खूप झालं.

३ जुलै

सॅम्पल आणले. सकाळी लवकर गेले, कारण दुपारी रानात उभं राहवत नाही अजूनही.

झाडं अशी निवडली की पूर्ण वाळलेलं एकही नाही. मेलेल्या झाडाच्या मुळावर सगळे कुजवणारे येऊन बसलेले असतात, खरा गुन्हेगार तिथून कधीच मागे पडलेला असतो. म्हणून नुकतीच पिवळी पडायला लागलेली झाडं घेतली, आणि त्यांच्या शेजारची हिरवीगार पण. पानाची शीर पिवळी आणि बाकी पान फिकट हिरवं, हे पहिलं लक्षण. नंतर पानगळ, शेंडे वाळणं, मामा त्याला सल येणं म्हणतात.

खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत साल काळपट ओली, चाकूने खरवडलं की आतली साल तपकिरी आणि तिचा काठ एकदम स्पष्ट, पलीकडे पांढरी-हिरवट निरोगी साल. लाकडात फार खोल डाग नाही, खेळ सगळा सालीतच. डिंक दोनच झाडांवर दिसला, बाकी पावसाने धुऊन गेला असणार कारण या रोगातला डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून पावसाळ्यात "डिंक नाही म्हणजे डिंक्या नाही" असं धरायचं नाही.

माती झाडाच्या घेराखालून घेतली, वरचा वाळका थर बाजूला करून साधारण १० ते २० सेंटीमीटर खोलीची, सोबत बारीक तंतुमुळं. रोगट झाडाची तंतुमुळं बोटात धरून ओढली की वरचं आवरण सुटून हातात येतं आणि आत नुसता दोरा राहतो. हे बघून मामा म्हणले, "असं तर लई झाडाचं होतंय, आमी म्हणलं वाळवी आसल."

एका झाडाला नको तेवढी फळं लागलेली. मामा खुश. मी काही बोलले नाही, पण खोडाची साल गोलाकार सडत आली की पानात तयार झालेलं अन्न खाली मुळाला जात नाही, वरच अडकतं, मग झाड मरायच्या आधी एकदा भरून बहरतं. पुढच्या वर्षी ते झाड असेल की नाही शंका आहे.

मामांना विचारलं आतापर्यंत काय काय टाकलं. दुकानदाराने दिलेली पांढरी पावडर, कार्बेन्डाझिम, दोन वर्षं आळवणी चालूय. "फरक कामून पडना मग?" हा प्रश्न वहीत लिहून ठेवला.

६ जुलै

मुळाचे तुकडे धुऊन, निर्जंतुक करून साध्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, ठेवले होते. अपेक्षेप्रमाणे सगळीकडे फ्युझेरियम ही बुरशी. पांढरा-जांभळट कापूस, होडीच्या आकाराचे बीजाणू, पुस्तकात असतात तसे. रूममेट म्हणाली झालं की मग, सापडला, आता टायपिंग कर.

हे मुद्दाम करून बघितलं. बरेच रिपोर्ट इथेच संपतात असं मॅडमचं म्हणणं. फ्युझेरियम कुजक्या मुळावर असतोच, भरभर वाढतो, त्याला गोड अगर आवडतो. फायटोफ्थोरा हळू वाढतो, आणि अशा खच्चून भरलेल्या प्लेटवर बॅक्टेरिया आणि बाकी बुरश्या त्याला वर येऊच देत नाहीत. जे सहज उगवलं त्याच्यावर नाव टाकायचं नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने.

१० जुलै

आज लॅब बंद, पाणी नाही. वाचन केलं, थोडं इथे लिहून ठेवते म्हणजे व्हायवाला उपयोगी पडेल.

फायटोफ्थोरा आणि पिथियम हे ऊमायसीट. दिसायला बुरशी, धागे बुरशीसारखे, खायची पद्धत बुरशीसारखी, पण नातं बुरशीशी नाही. समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणि डायटम हे यांचे जवळचे भाऊबंद. खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची, यांची मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. बुरशीच्या धाग्यात आडव्या भिंती असतात, यांच्या ताज्या धाग्यात नसतात, एका लांब नळीतून सगळा मालमसाला वाहत असतो. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं, फायटोफ्थोरा स्टेरॉल स्वतः बनवतच नाही, बाहेरून उचलतो. म्हणून अझोल गटातली औषधं, जी अर्गोस्टेरॉल बनवायचा रस्ता अडवतात, ती इथे फुकट जातात, कारण अडवायला रस्ताच नाही. कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन बंद पाडतं, ऊमायसीटच्या ट्युब्युलिनवर ते नीट बसत नाही.

म्हणजे मामांच्या "कामून"चं अर्धं उत्तर कागदावर मिळालं. प्लेटवर बघायचं बाकी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोहणारे बीजाणू. पाण्यात सुटतात, दोन शेपट्या असतात, एक पुढे केसाळ आणि एक मागे गुळगुळीत. भिंत नसते, नुसता पटलातला जीव. मुळातून झिरपणाऱ्या साखरा आणि अमिनो आम्लांचा माग काढत मुळापर्यंत जातात. फ्युझेरियमला हे जमत नाही. तर मग त्याला शोधायचं असेल तर अगरवर नाही, पाण्यात बोलवायला पाहिजे.

१४ जुलै

आमिष लावलं. पद्धत जुनी आणि स्वस्त. प्लास्टिकच्या कपात थोडी माती, त्यावर मातीच्या तीन-चार पट डिस्टिल्ड वॉटर, हलकं ढवळून गाळ खाली बसू दिला. वर मोसंबीच्या कोवळ्या पानाच्या ५ मिमीच्या चकत्या तरंगत ठेवल्या, पेपर पंचने पाडलेल्या. पान औषध न मारलेल्या झाडाचं पाहिजे, म्हणून कॉलेजच्या आवारातल्या कलमाचं घेतलं. काही कपात कच्च्या वांग्याचे तुकडे पण ठेवलेत, तुलना म्हणून. एका कपात उकळून थंड केलेली माती, म्हणजे काही उगवलं तर पानातूनच आलं का ते कळेल.

तापमान २६-२८. इन्क्युबेटर एकच आणि तो बॅक्टेरियावाल्यांनी ३७ वर अडवलेला, म्हणून कप खोलीतच, कोपऱ्यात, कूलरच्या वाऱ्यापासून लांब.

मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती भारी वाटली. माती फार कोरडी असली तर आधी दोन-तीन दिवस नुसती ओलसर ठेवायची आणि मग पाणी भरायचं, एकदम नाही. ओलसर मातीत तो आधी जागा होऊन स्पोरँजियम, म्हणजे बीजाणूंची पिशवी, बनवतो, पाणी तुंबलं की मग बीजाणू सोडतो. दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि दोघींना वेगळं पाणी लागतं.

१७ जुलै

सापडला! म्हणजे, निदान त्याच्या घरातला कोणीतरी.

चकत्यांच्या कापलेल्या काठाला पाणी धरल्यासारखा तपकिरी डाग. चकती तशीच स्लाइडवर घेऊन दहाच्या लेन्सखाली धरली तर काठावर लिंबाच्या आकाराची स्पोरँजियम रांगेने, टोकाला स्पष्ट बोंडी. त्या बोंडीला पॅपिला म्हणतात आणि ओळखीत तिला फार महत्त्व आहे. उकळलेल्या मातीच्या कपातल्या चकत्या हिरव्या आणि स्वच्छ. निरोगी दिसणाऱ्या शेजारच्या झाडांच्या मातीत पण काही चकत्यांवर आलाय, हे मात्र टेन्शनचं. झाड हिरवं आहे म्हणून माती साफ आहे असं नाही.

वांग्याच्या तुकड्यांवर नुसता पांढरा कापूस फुगलाय, मला तो पिथियम वाटतोय.

२२ जुलै

शुद्ध कल्चरसाठी निवडक माध्यम बनवलं. गाजर अगर केला, लिटरला २०० ग्रॅम गाजर उकळून गाळून. ऑटोक्लेव्हनंतर ५० अंशाच्या आसपास आल्यावर अँपिसिलिन आणि रिफाम्पिसिन बॅक्टेरिया दाबायला, पिमारिसिन बुरशी दाबायला. पिमारिसिन उजेडात खराब होतं, म्हणून प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून. पीसीएनबी हे आणखी एक बुरशीनाशक टाकतात, ते मिळालं नाही. त्याच्या जागी मॅडम म्हणाल्या कार्बेन्डाझिम टाक, लिटरला १० मिलिग्रॅम मूळ घटक, पावडर ५० टक्क्यांची म्हणून वजन दुप्पट.

मी दोन सेकंद बघतच राहिले. तीच पांढरी पावडर. मामा झाडाच्या बुडाशी ओततात तीच, फायटोफ्थोराला मारायला, आणि आम्ही प्लेटमध्ये टाकतोय फायटोफ्थोराला मोकळी जागा मिळावी म्हणून! जगभरच्या लॅबमध्ये याच गटातलं बेनोमिल याच कामासाठी माध्यमात वापरत आलेत. ते फ्युझेरियमला, पेनिसिलियमला, ट्रायकोडर्माला दाबतं आणि ऊमायसीटला हात लावत नाही. आता हेच बागेत लावून बघा. आळवणी केली की मातीतले त्याचे शत्रू आणि स्पर्धक दबले, हा जागेवर. बेनोमिल वापरल्यावर पिथियमचा त्रास उलट वाढल्याच्या नोंदी दुसऱ्या पिकांत आहेत. आमच्या बागेत तसंच झालं असं मी म्हणू शकत नाही, ते मोजलेलं नाही, पण शंका वहीत लिहिते.

२५ जुलै

साध्या गाजर अगरवर सगळी सर्कस, कार्बेन्डाझिमवाल्या प्लेटवर मोजकंच. त्यातले दोन प्रकार. एक राक्षसासारखा वाढणारा, दोन दिवसात ९० मिमीची प्लेट भरून झाकणाला टेकलेला. दुसरा दिवसाला जेमतेम ६-७ मिमी सरकतो, कडा ओबडधोबड, माध्यमात घुसून बसलेला. एका प्लेटवर मॉर्टिएरेला नावाची बुरशी पण आलीय, तिच्यावर ही औषधं चालत नाहीत.

हायमेक्साझोल हे औषध असतं तर पिथियम बराचसा तिथेच गाळला गेला असता. नाहीये. मग हळू वाढणाऱ्याच्या कडेच्या धाग्याचं टोक सुईने उचलून नव्या प्लेटवर. हे काम संयमाचं आहे आणि लाईट जाऊन येऊन चालूय.

५ ऑगस्ट

आजची नोंद लांब होणार.

पिथियम आणि फायटोफ्थोरा वेगळे कसे ओळखायचे तर स्पोरँजियम फुटताना बघायचं. नुसता आकार बघून नाही, त्यात फसायला होतं. हळू वाढणाऱ्या कल्चरच्या चकत्या परवा मातीच्या अर्कात ठेवल्या होत्या. बागेतली माती पाण्यात रात्रभर ठेवून गाळलेला अर्क, निर्जंतुक न केलेला, कारण त्यातल्या बॅक्टेरियामुळे स्पोरँजियम जास्त येतात असं मॅडमचं ऐकून. उजेडात ठेवल्या. आज सकाळी काठावर भरगच्च. मग प्लेट फ्रीजमध्ये २० मिनिटं, बाहेर काढली, थंड पाणी बदलून टेबलावर ठेवली आणि लेन्सला डोळा लावून बसले.

पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. लॅबमधले दादा चहा घेऊन आले, घेतला, परत डोळा लावला. मग एका स्पोरँजियमच्या आतला दाणेदार माल सरकायला लागला, त्यात पुसट रेषा पडल्या, तुकडे झाले, प्रत्येक तुकडा आतल्या आत थरथरायला लागला. बोंडी फुगली, विरघळल्यासारखी झाली, आणि पहिला बाहेर. निघताना चेपून निघतो, बाहेर आला की गोलसर होतो, क्षणभर थांबतो आणि सुटतो. मग एकामागे एक, मोजायचा प्रयत्न केला, वीसच्या आसपास सोडून दिलं. शेवटी रिकामी पारदर्शक टरफलं.

म्हणजे बीजाणू आतच तयार झाले आणि तयार होऊन बाहेर पडले. हा फायटोफ्थोरा. दुपारी भरभर वाढणाऱ्याचं पण असंच केलं. त्याची स्पोरँजियम म्हणजे फुगलेले, बोटं फुटलेले धागेच, त्यातून एक नळी निघाली, नळीच्या टोकाला पातळ फुगा आला, आतला सगळा कच्चा माल त्या फुग्यात ओतला गेला आणि बीजाणू तिथे, बाहेर, तयार झाले, फुग्यात गरगर फिरले आणि फुगा फुटला. हा पिथियम. फुगलेल्या बोटांवरून आणि वाढीच्या वेगावरून त्यातल्या अफानिडर्माटम या जातीसारखा वाटतो, पण तो माझा विषय नाही, स्लँटवर (नळीतल्या तिरप्या अगरवर) ठेवून दिला.

नंतर गंमत म्हणून मोसंबीच्या रोपाच्या मुळाचं टोक त्या पाण्यात टाकलं. काही मिनिटांत बीजाणू टोकाच्या जरा मागच्या भागाला गोळा, जिथे मूळ लांब होत असतं, आणि कापलेल्या जागी तर गर्दीच. तिथे शेपट्या टाकल्या, गोल झाले, भिंत चढवली. तासाभरात काहींना अंकुरनळी. स्लाइडला टिचकी मारली की पोहणारे पण धडाधड गोल होतात, धक्का त्यांना सहन होत नाही.

रूममेटला बोलवून दाखवलं. ती फ्युझेरियमबद्दल परत बोलली नाही.

१२ ऑगस्ट

बागेत परत. या वेळी मातीपेक्षा पाणी बघायला गेले. बाग सपाट वाटते पण खालच्या कोपऱ्याला बांधाजवळ पाणी थांबतं, आणि पिवळी झाडं जवळपास सगळी तिकडेच. मामांनी ठिबक केलंय खरं, पण नळी अगदी खोडाला चिकटून आणि आळं एकच, खोडाभोवती. पाऊस लागला की खोड आळ्यात उभं. शिवाय ट्रॅक्टरने माती लावून लावून डोळा बांधलेली जागा बऱ्याच झाडांची मातीत गेलीय. डोळ्याच्या वरचा भाग मोसंबीचा, तो डिंक्याला खुंटापेक्षा नाजूक, त्यालाच माती टेकली तर रोगाला वाट काढून दिल्यासारखं.

आपल्याकडे पाऊस सलग नसतो. चार दिवस झड, मग पंधरा दिवस उघडीप, परत एक जोराचा. मी आधी म्हणत होते कोरडवाहू भागात पाण्यातला हा रोग एवढा कसा, पण त्या दोन पायऱ्या धरल्या तर बरोबर बसतं : उघडीपीत ओलसर मातीत स्पोरँजियम तयार, मोठ्या सरीत पाणी तुंबलं की बीजाणू मोकळे. बीजाणू स्वतः पोहून फार लांब जात नाही, वाहत्या पाण्यावर बसून मात्र खालच्या सरीतल्या झाडापर्यंत जातो. काळी माती पाणी लवकर सोडत नाही, त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. उन्हाळ्यात मरत का नाही तर जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोर, म्हणजे तग धरून राहणारे बीजाणू, कुजक्या मुळांत खोलवर पडून राहतात.

२१ ऑगस्ट

आता जात ठरवायची. मायक्रोमीटर लावून मोजमाप. स्पोरँजियमची सरासरी साधारण ४० बाय ३१ मायक्रॉन, लांबी-रुंदीचं प्रमाण १.३ च्या आसपास, पॅपिला ठळक. जोरात हलवलेल्या पाण्यात सुटी स्पोरँजियम शोधली, जवळपास नाहीत, दांड्याला घट्ट धरून बसतात. पामिव्होरा असता तर आखूड दांडीसकट पाण्यात गळून पडली असती, त्याची लांबट पण असतात. म्हणजे पामिव्होरा मागे पडला.

क्लॅमिडोस्पोर भरपूर, गोल, जुन्या प्लेटमध्ये धाग्याच्या टोकाला आणि मधे पण. सिट्रोफ्थोरामध्ये ते क्वचितच दिसतात. तापमानाची टेस्ट शेवटी बॅक्टेरियावाल्यांशी तह करून इन्क्युबेटर ३५ वर घेऊन केली. हळू का होईना पण वाढला. सिट्रोफ्थोरा तिथे थांबतो, त्याला थंडावा आवडतो. आमच्याकडच्या उन्हाचा विचार केला तर ३५ ला चालणाराच इथे टिकणार.

एकट्या कल्चरमध्ये ऊस्पोर, म्हणजे मिलनातून होणारे बीजाणू, नाहीत. निकोशियानीला दोन जोडीदार प्रकार लागतात, ए१ आणि ए२, एकत्र आले तरच ऊस्पोर. प्रकार आधीच माहीत असलेलं टेस्टर कल्चर आमच्याकडे नाही, जोडीची टेस्ट होणार नाही, तसं लिहून द्यायचं.

सगळी बोटं निकोशियानीकडे. मॅडम म्हणाल्या आकारमानावर सही नको, डीएनए पाठवू.

२ सप्टेंबर

काल-आज तुफान पाऊस. पोळा पावसातच झाला, बैलांची मिरवणूक निम्म्यात. बागेतल्या खालच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी असल्याचा मामांचा व्हिडिओ आला.

इकडे कुंड्यांची टेस्ट लावली. जंबेरी आणि रंगपूर लिंबू दोन्हीची रोपं, निर्जंतुक मातीत. बाजरीचे दाणे उकडून त्यावर कल्चर वाढवलं होतं, ते मातीत मिसळलं. तुलनेच्या कुंड्यांना कल्चर नसलेली तशीच उकडलेली बाजरी. मग सगळ्या दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायच्या, निचरा करायचा, परत काही दिवसांनी बुडवायच्या.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन करून कुंड्यांना पाणी घालून परत. जंबेरीची काही रोपं मलूल. अजून उपटणार नाही.

३० सप्टेंबर

सिक्वेन्स आला. आयटीएस, म्हणजे जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा भाग, ८०० च्या वर बेस, जुळणी फायटोफ्थोरा निकोशियानीशी. मोजमाप, तापमान आणि डीएनए तिघांचं एकच उत्तर, आता नाव लिहायला हरकत नाही.

नावाचा इतिहास वाचताना एक सापडलं ते थिसिसमध्ये घालणारच. १८९६ मध्ये ब्रेडा द हान या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावर तंबाखूवर याचं वर्णन केलं, म्हणून निकोशियानी. पण यालाच कितीतरी वर्षं फायटोफ्थोरा पॅरासिटिका म्हणायचे, आणि ते नाव दिलं जहांगीर फरदुनजी दस्तूर यांनी, १९१३ मध्ये, बिहारच्या पुसा इथे एरंडाच्या रोपांवर काम करून. जुनी पुस्तकं आणि औषधांची माहितीपत्रकं अजून पॅरासिटिकाच लिहितात, दोन वेगळे रोग समजायचं काही कारण नाही. तंबाखू, एरंड, मोसंबी, टोमॅटो, वांगं, पानवेल, सगळीकडे हाच फिरतो. मामा मोसंबीच्या पट्ट्यात वांगी लावायचं म्हणत होते, फोन करून नको म्हणलं.

११ ऑक्टोबर

कुंड्या उपटल्या. जंबेरीची मुळं जवळपास तीच, आवरण सुटलेली, आत दोरा. रंगपूरची पण काही कुजलीत पण नवी पांढरी मुळं फुटताना दिसतात, म्हणजे पूर्ण प्रतिकार नाही, सहन करतो. तुलनेच्या कुंड्या ठणठणीत. कुजक्या मुळातून परत त्याच माध्यमावर घेतलं, तोच हळू वाढणारा, तीच बोंडीवाली स्पोरँजियम. बागेतल्या रोगट मुळाच्या मातीतून काढला, शुद्ध केला, निरोगी रोपाला दिला, तोच रोग आला, परत तोच काढला. साखळी पूर्ण.

परदेशात ट्रायफोलिएट संत्र्याचे खुंट वापरतात, ते याला सहज बळी पडत नाहीत. पण चुनखडीच्या आणि जास्त सामूच्या जमिनीत ते पिवळे पडतात, त्यामुळे आपल्याकडे ती वाट बंदच समजा. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात जाऊन रंगपूर खुंटाबद्दल विचारून यायचं आहे.

२० ऑक्टोबर

मामांकडे रिपोर्ट घेऊन गेले. रिपोर्ट कोणी वाचला नाही, मोबाईलवरचा बीजाणू सुटतानाचा व्हिडिओ मात्र शेजारच्या बागांतले पण बघून गेले. एक आबा म्हणले, "हे तर पवतंय की ओ!" त्यांना समजावताना माझं काम सोपं झालं, पोहतंय म्हणल्यावर पाणी तोडा हे वेगळं सांगावं लागलं नाही.

ठरलं ते असं. कार्बेन्डाझिमची आळवणी बंद. खोडाभोवतीची माती मागे ओढून डोळ्याची जागा उघडी करायची, दुहेरी आळं करायचं म्हणजे आतल्या कड्यात खोड कोरडं आणि पाणी बाहेरच्या कड्यात, ठिबकची नळी सरकवायची. खालच्या कोपऱ्यातून चर काढायचा, बांधावरून शेजाऱ्याशी बोलणं मामांनी करायचं. सडकी साल निरोगी काठापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर. औषधच लागलं तर मेटॅलॅक्झिल नाहीतर फोसेटिल, विद्यापीठाच्या शिफारशीने. फोसेटिल पानावर मारलं तरी खाली मुळापर्यंत उतरतं. मेटॅलॅक्झिल तेच तेच मारलं तर फायटोफ्थोरा सरावतो, हे पण सांगितलं. मामांनी सगळं ऐकून दुकानदाराला फोन लावला आणि म्हणले, "पावडर वापस घ्या."

२ नोव्हेंबर

मेलेल्या झाडांच्या जागी लावायला मामा एका नर्सरीतून कलमं आणणार आहेत, खुंट रंगपूर, डोळा वीतभर उंच. आणायच्या आधी तिथल्या काही पिशव्यांमधली माती मागवून आमिष लावलं होतं, तीच पद्धत, कप आणि पानाच्या चकत्या. काही पिशव्यांच्या चकत्यांवर बोंडीवाली स्पोरँजियम. कलमं हिरवीगार आहेत, मुळावर लक्षण शून्य. मामांना कळवलंय, ऑर्डर थांबवली. दुसऱ्या नर्सरीच्या पिशव्या सोमवारी येतायत, कप धुऊन ठेवलेत, मोसंबीचं कोवळं पान मात्र आता थंडीला कमी मिळतंय, लिंबाचं चालतं का ते मॅडमना विचारायचं.